मागे चालायची वाट

नावाडी सकाळीच आला आणि हातातला दोराचा तुकडा ओट्यावर टाकून म्हणाला, "बघ, तुझंच पोर आहे. ओळखतोस का?"

मी तुकडा उचलला. पदर सुटले होते, वाखाचे तंतू म्हाताऱ्याच्या दाढीसारखे पिंजले होते. तरी पीळ ओळखू आला. हा दोर मी आणि माझ्या बायकोनं वळला होता. नदीच्या या काठाच्या खांबापासून त्या काठाच्या खांबापर्यंत तो ताणलेला असतो. नावाडी त्याला धरून हातानं नाव ओढतो.

"खांबाला घासून गेला," तो म्हणाला. "पाणी चढायच्या आत नवा पाहिजे. अख्खा. मधे गाठ चालणार नाही."

"बाजारातून नायलॉनचा आण."

"आणला होता की एकदा. हात सोलून निघाले. ओला झाला की मासा धरल्यासारखा सटकतो. उगाच चऱ्हाट लावू नकोस. वळतोस की नाही ते सांग."

या नावाड्याला सगळे बदक म्हणतात. त्याचे दोन्ही गुडघे बाहेरच्या अंगाला झुकलेत आणि तो डुलत डुलत चालतो. त्याला त्याचं काही वाटत नाही. पाण्यात राहून बदक नाही होणार तर काय घोडा होणार, असं तोच म्हणतो.

त्याला उत्तर द्यायच्या आधी मी उठून दाखवलं. माझं उठणं म्हणजे आधी एक हात जमिनीवर, मग दुसरा भिंतीवर, मग तोंडातून "आई गं", आणि शेवटी उजव्या गुडघ्यातून वाळकी शेंग फोडावी तसा आवाज.

"बघितलंस? या पायावर मी दोर वळू?"

"मग पाय बदल," बदक म्हणाला, आणि डुलत डुलत निघून गेला.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एक चाकाशी बसतं आणि चाक फिरवतं. दुसरं कमरेला वाखाचा जुडगा गुंडाळून, त्यातून दोन्ही हातांनी वाख सोडत सोडत मागे चालत जातं. तोंड चाकाकडे, पाठ वाटेकडे. सूत लांबत जाईल तसं आपण मागे. आमच्या घरामागून निघून शेवटच्या बाभळीपर्यंत ही वाट जाते. तिच्यावर गवत उगवत नाही. आधी माझ्या बापाच्या टाचा होत्या, मग माझ्या.

चाकाशी माझी बायको बसायची. लग्न झाल्यावर माझ्या आईनं तिला तिथल्या पाटावर बसवलं, ती आजारी पडेपर्यंत तिथेच बसली. दिवसभर मी तिच्यापासून लांब जायचो, पण तोंड तिच्याकडेच. ती लहान लहान होत जायची. बाभळीपाशी पोचलो की अंगठ्याएवढी दिसायची. चाक कुरकुरायचं. तेल घाल म्हटलं तर म्हणायची, "नको. आवाज बंद झाला की तुम्हाला वाटेल मी पळून गेले."

तीन पदर तयार झाले की ते एकत्र वळायचे असतात. त्याला तीन खाचांचा लाकडी ठोकळा लागतो. बाभळीकडच्या टोकाला तो पदरांमधे बसवायचा आणि धरून चाकाकडे चालत यायचं. ठोकळ्याच्या मागे दोर तयार होत जातो. म्हणजे जाताना उलटा आणि येताना सुलटा, पण दोन्ही वेळा समोर तीच. मी पोचलो की ती मान वर न करता विचारायची, "आलात? वाटेत कुणी भेटलं का?"

मोकळ्या वाटेवर कोण भेटणार? मी सांगायचो, "वाघ भेटला. तुझा पत्ता विचारत होता." कधी सांगायचो, "व्यापारी भेटला, बायको बदलून देतो म्हणाला." ती म्हणायची, "मग रिकाम्या हातानं का आलात?" आणि दोरावरून तळहात फिरवत जायची. कुठे पीळ सैल, कुठे घट्ट, ते तिच्या हाताला लगेच कळायचं.

ती जाऊन दीड वर्ष झालं होतं. चाकावर गोणपाट टाकलेलं. पाटावर कोणी बसायचं नाही असं मी एकदाच म्हणालो होतो, पण सून ते विसरली नव्हती. मुलगा दूधगाडीवर असतो, पहाटे जातो, दुपार कलल्यावर येतो. मी भिंतीला टेकून हातानं जनावरांची दावी वळत बसायचो. ते काम बसून होतं. लांब दोर बसून होत नाही.

गुडघ्याचं सगळं करून झालं होतं. तेल झालं, मिठाच्या पुरचुंडीचा शेक झाला. हाडवैद्यानं पाय असा ओढला की माझ्या शिव्यांनी त्याच्या कोंबड्या पळाल्या. पट्टा लावला, तो पोटरीवर घसरून बसायचा. एकदा सांध्यात सुई घेतली, तिनं काही महिने बरे गेले. बायको होती तेव्हा तापवलेली वीट फडक्यात धरून शेकायची आणि म्हणायची, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी म्हणायचो, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"पीळ राहू द्या," ती म्हणायची, "सुंभाचं बघा."

बदक गेल्यावर तो तुकडा मी कितीतरी वेळ हातात घेऊन बसलो होतो. संध्याकाळी मुलाला म्हणालो, "त्या हाडांच्या डॉक्टरांचा नंबर लाव."

मुलानं सुनेकडे बघितलं. सुनेनं माझ्याकडे न बघता भाकरीचं पीठ मळणं चालू ठेवलं. "लावा लवकर," ती त्याला म्हणाली, "पीळ परत बसायच्या आत."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. "हे मांडीचं हाड, ही नडगी. यांच्यामधे गादी असते. तुमची आतल्या बाजूची संपली. हाडाला हाड घासतंय."

"खांबाला दोर घासतो तसं."

"तसंच. फरक एवढाच की दोर नवा वळता येतो, गादी येत नाही. झिजलेला भाग काढून वर धातूची टोपी, खाली धातूची पट्टी आणि मधे प्लास्टिकची चकती बसवायची. डाव्याचं अजून निभेल. व्यायाम करा, काठी वापरा, वजन वाढू देऊ नका. उजवा मात्र बदलू."

"मागे चालता येईल का?"

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मुलगा मधेच म्हणाला, "आबा दोर वळतात."

"सगळे मला विचारतात, मांडी घालता येईल का," डॉक्टर म्हणाले. "ती नाही येणार. जमिनीवर उकिडवं बसणं बंद, संडास खुर्चीचा. चालण्याचं मात्र तुमच्या हातात आहे. मी सांधा बसवून देईन, चालवायचा तुम्ही. पहिले काही आठवडे कंटाळा केलात तर तो जाम होतो, मग पुढे, मागे, कुठेच नाही."

ऑपरेशनच्या वेळी कमरेखाली बधिर केलं होतं. पडद्याच्या पलीकडून ठोकाठोकी ऐकू येत होती, सुताराच्या दुकानात निजल्यासारखी. मी विचारलं, "दार बसवताय का?" कोणीतरी हसलं. "बिजागरी बसवतोय, काका."

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या. वयानं माझ्या सुनेएवढ्या, आवाजानं शाळेतल्या मास्तरांसारख्या. मला उठवून समोर वॉकर ठेवला. "काका, दारापर्यंत जायचं. घाई नाही."

मी वॉकर धरला, सावकाश वळलो आणि दाराकडे पाठ करून उभा राहिलो.

"काका, दार तिकडे आहे."

"माहीत आहे की."

बाईंनी मुलाला बाजूला घेतलं. हळू बोलल्या, पण मला ऐकू आलं. "यांना विसरायला होतं का हो काही?"

मुलगा हसू दाबत म्हणाला, "नाही. जन्मभर असेच चाललेत."

बाईंनी मला धरून फिरवलं. समोर लांब बोळ आणि बोळाच्या शेवटी पिवळी भिंत. नवा गुडघा ठणकत होता, पण पाय उचलेना तो दुखण्यानं नव्हे. भिंतीकडे काय म्हणून जायचं, तेच कळेना. कसातरी दारापर्यंत गेलो. घाम फुटला.

घरी आणलं त्या दिवशी बदक खुर्चीचा संडास डोक्यावर उलटा घेऊन गल्लीतून आला. "राजाचं सिंहासन आलं हो!" अशी हाळी देत आला. गल्लीतली सगळी दारं उघडली. मी तोंड भिंतीकडे केलं. मुलगा मला त्यावर बसवायचा, उठवायचा, मी डोळे मिटून घ्यायचो. चौथ्या-पाचव्या वेळी तो म्हणाला, "आबा, तुम्ही डोळे मिटल्यानं मला दिसायचं बंद होत नाही." तेव्हापासून उघडे ठेवू लागलो.

उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली नाही, म्हणजे पाय सरळ होतो, असं बाईंनी बजावलं होतं. टाच अंथरुणावरून घासत पाय जवळ ओढायचा, म्हणजे वाकतो. बर्फाची पिशवी लावायची. वॉकर घेऊन चालायचं. मी बर्फ लावायचो. बाकीचं कोणी बघत असेल तेव्हा. उशी गुडघ्याखाली घेतली की काय बरं वाटायचं!

"उशी कुठे आहे, आबा?" सून स्वयंपाकघरातून विचारायची.

"कुठे असणार?"

"मी टाचेला विचारते." आणि येऊन ओढून काढायची.

टाके निघाले. बाई घरी आल्या, गुडघ्याला पट्टी लावून कोन मोजला, आणि हसल्या नाहीत. "काका, हा अडकत चाललाय. असाच राहिला तर डॉक्टरांना तुम्हाला परत झोपवून जबरदस्तीनं वाकवावा लागेल. चालत का नाही तुम्ही?"

"चालतो की. संडासापर्यंत."

"आणि पुढे?"

"पुढे काय आहे?" मी म्हणालो.

सून दारात उभी होती, तिनं ऐकलं.

दोन दिवसांनी सकाळी मी अंथरुणावर होतो आणि घरामागून कुरकुर ऐकू आली. थांबली. परत आली. अंगावर काटा आला, मग राग आला. चाकाला कोणी हात लावला? मी वॉकर ओढला आणि मागच्या दारापर्यंत कसा गेलो ते मला कळलं नाही.

गोणपाट बाजूला घडी करून ठेवलेलं. सून चाक फिरवत होती. पाटावर नव्हती बसली. पाटाशेजारी बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, हात वाकडा करून. आकड्याला वाख बांधून तिनं वावभर सूत काढलं होतं, वेडंवाकडं, कुठे बोटाएवढं, कुठे दोऱ्याएवढं. त्याचं टोक मातीत लोळत होतं आणि चाक फिरेल तसं गुंडाळी होऊन स्वतःलाच गाठी मारत होतं.

"अगं, टोक कोण धरणार!"

"कोणी नाही ना," ती म्हणाली. चाक थांबवलं नाही. "होऊ दे गुंता."

असा गुंता दोरवाल्याला बघवत नाही. वॉकर सोडला, दोन पावलं टाकली, वाकायला जमेना म्हणून भिंतीशी टेकलेल्या काठीनं टोक उचललं आणि हातात धरलं. सूत ताठ झालं. ताठ सुताला एक ओढ असते, ती आपल्याला धरून ठेवते. सुनेनं पायाजवळचा वाखाचा जुडगा माझ्याकडे फेकला. मी तो काखेत दाबला, वाख सोडला आणि एक पाऊल मागे गेलो. आधी बोटं टेकली, मग टाच. गुडघा वाकला तो मी वाकवला म्हणून नव्हे, त्याला दुसरं काही करताच येत नव्हतं. दुखलं. पण वाख सुटत होता, सूत सरळ येत होतं, मग दुखण्याकडे कोण बघतो? पाण्याच्या टाकीपर्यंत गेलो तेव्हा लक्षात आलं की वॉकर तिकडे दाराशी उभा आहे आणि मी इकडे.

सुनेलाही तेव्हाच दिसलं. तिचा हात थांबला.

"थांबवू नको!" मी ओरडलो. "सैल पडेल!"

ती फिरवत राहिली. जुडगा संपला तेव्हाच थांबलो. मग मला हलता येईना. तिनं वॉकर आणून दिला. दोघंही धापा टाकत होतो, ती बसल्या जागी.

"सांगू नका हं बाईंना," ती म्हणाली.

पण बाईंनी पुढच्या वेळी कोन मोजला आणि पट्टी दोनदा लावून बघितली. "हा कोणी वाकवला?"

मी सुनेकडे बघितलं, सुनेनं छपराकडे.

मग करून दाखवावं लागलं. बाई माझ्या कमरेचा पट्टा धरून शेजारून चालत आल्या, पायांकडे बघत. "मागे चालताना आधी बोटं टेकतात," त्या म्हणाल्या. "गुडघ्यावर भार कमी येतो, मांडीला काम पडतं. हा व्यायाम मी देणारच होते, पण नंतर. दवाखान्यात वॉकर घेऊन उलटे गेला असतात तर उताणे पडला असतात."

"म्हणजे माझं चुकलं नाही तर."

"चुकलंच. एकटे चाललात. वाटेवर हा एवढा खडा आहे, तो पाठीला दिसतो का?" त्यांनी खडा उचलून कुंपणापलीकडे फेकला. "रोज वाट झाडायची. शेजारी माणूस हवा. आणि काका, सरळ चालायचं काय? नदीवर उलटे जाणार का?"

"बदक आहे की वाट दाखवायला."

"थट्टा नको. सरळ चालणं आलं पाहिजे. तोवर मी तुम्हाला सोडत नाही."

तेव्हापासून सून सकाळी उठली की आधी वाट झाडायची. बदक दुपारी नाव बांधून यायचा आणि माझ्या शेजारून चालायचा. तो सरळ, मी उलटा. "लोक म्हणतील, एक डुलतो, एक भुलतो," तो म्हणायचा. त्याची नजर सारखी माझ्या गुडघ्यावर. "रात्री कळा येतात का? टाक्यांची जागा खाजते का? ती सुई लई मोठी असते का रे?" मी म्हणायचो, "तुझ्यासाठी नांगराएवढी आणायला सांगतो." टाकीपर्यंतचं जाणं विहिरीपर्यंत गेलं, विहिरीपासून कुंपणाच्या फाटकापर्यंत. वॉकर गेला, काठी आली. सुनेचा हात बसला, सूत सारखं येऊ लागलं. एक दिवस पाठीला बाभळीचा बुंधा लागला आणि मी दचकलो. समोर सून अंगठ्याएवढी दिसत होती.

तीन पदर झाले. आता एकत्र वळायचे राहिले. त्या दिवशी मुलानं गाडीवर बदली माणूस दिला आणि घरी थांबला. सून चाकाकडे गेली आणि बादली पालथी घालू लागली.

"बादलीवरून हात नीट पोचत नाही," मी म्हणालो. "पाटावर बस."

तिनं मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बस म्हटलं ना. पाट बसायला असतो."

ती बसली. साडीचा पदर सावरून घेतला आणि दांडा धरला.

पीळ बसेल तसे पदर आखडत जातात, म्हणून पलीकडच्या टोकाला वजन ठेवलेली लाकडी घसरपाटी असते. दोर आखडेल तशी ती पुढे ओढली जाते. तिच्यावर दगड ठेवायचे, त्याऐवजी आम्ही बदकाला बसवलं.

"वजन म्हणून तरी उपयोगी पडलास."

"पडेन रे," तो म्हणाला. "पण मला उलटं नको चालायला लावू."

मी ठोकळा पदरांमधे बसवला. खाचा जुन्याच, वापरून गुळगुळीत झालेल्या. काठी बाभळीला टेकवून ठेवली, कारण ठोकळ्याला दोन्ही हात लागतात. मुलगा शेजारी आला. "मी धरतो, आबा."

"तू पदर बघ, जमिनीला लागू देऊ नको."

हात वर केला. चाक फिरलं. पीळ ठोकळ्यापर्यंत आला, हाताला धक्का बसला आणि ठोकळा पुढे निघाला. मीही निघालो, सरळ. आधी टाच, मग बोटं. गुडघा कुरकुरला नाही, कुरकुरत होतं ते चाक. फाटक आलं, विहीर आली. माझ्या मागे दोर होत होता, जाड, सारखा. समोर पाटावर मान खाली घालून ती बसलेली, आधी अंगठ्याएवढी, मग वीतभर, मग हातभर. ऊन डोळ्यांवर होतं. विहिरीच्या पुढे मी थोडा थांबलो. मग परत निघालो.

चाकाशी पोचलो तेव्हा मुलानं "आबा!" एवढंच म्हटलं आणि तोंड फिरवलं. पलीकडून बदक ओरडत होता, "ए, मला उठवा कुणीतरी! गुडघे धरलेत!" मुलगा धावला.

सून उठली. पदर सुटू नयेत म्हणून तिनं टोक बांधलं आणि दोरावरून तळहात फिरवत वाटेनं गेली. हे तिला मी शिकवलं नव्हतं. विहिरीच्या जरा अलीकडे तिचा हात थांबला. परत मागे घेऊन तिनं तीच जागा चाचपली.

"आबा, इथे पीळ जास्त घट्ट बसलाय. थांबला होतात का?"

"थांबलो होतो."

"गुडघा?"

"नाही. वाटेत भेटलं कोणीतरी."

तिनं मोकळ्या वाटेकडे बघितलं. मग माझ्याकडे. तोवर बदक मुलाच्या खांद्याला लोंबकळत आला होता, त्यानंही ती जागा दाबून बघितली. "घट्ट आहे ना, मग झकास. हा भाग नदीच्या मधोमध येऊ दे. हाताला लागला की कळेल, निम्मं पाणी मागे पडलं." आणि मग माझ्या पायांकडे बघून, जरा खाजगी आवाजात, "त्या डॉक्टरांचा नंबर दे रे."

मी पाटाजवळच्या खुर्चीवर बसलो. पाय टाचेवर लांब केला. सून येऊन पाटावर बसली आणि चाकाच्या दांड्याला लागलेले वाखाचे केस काढू लागली.

"काय म्हणालं, जे भेटलं ते?" तिनं मान वर न करता विचारलं.

"म्हणाली, चाकाला तेल घालू नका."

"नाही घालत," सून म्हणाली, आणि दांडा हळूच पुढे ढकलला. चाक कुरकुरलं.